विश्लेषण : मदत बाहेरची, तर गावाची ओळख कोणाची? किल्लारी आणि जाफना काय सांगतात

सरकारी नोकरभरतीची जाहिरात निघाली की अहमदपूर, औसा, निलंग्याच्या अभ्यासिकांमध्ये मोबाइलवर पीडीएफ उघडली जाते. जागांच्या तक्त्यात महिला, खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त असे रकाने असतात. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना दिसतो – ‘भूकंपग्रस्त’. महाराष्ट्रात गट-क आणि गट-ड पदांच्या सरळसेवा भरतीत भूकंपग्रस्तांसाठी २ टक्के समांतर आरक्षण आहे. ज्या भूकंपाची आठवण या रकान्यात जपली आहे, तो ३० सप्टेंबर १९९३ चा. आज अर्ज भरणाऱ्यांपैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

एका पहाटे घडलेली आपत्ती तीन दशकांनंतरही प्रमाणपत्राच्या रूपात माणसाची ओळख म्हणून टिकून राहते. ही ओळख फक्त भूकंपामुळे तयार झालेली नाही. भूकंपानंतर जी मदत आली, ती कोणाकडून आली, कोणत्या अटींवर आली आणि नव्या गावाचा आराखडा कोणी ठरवला, यावरही ती घडत गेली. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या शहरांबाबत जगभर हाच प्रश्न विचारला जातो. श्रीलंकेतील जाफना शहरात परदेशात गेलेल्या तमिळांच्या पैशाने शहराला नवे रूप दिले. किल्लारीत मात्र परक्यांच्या पैशाने गावे उभी राहिली. या दोन्ही अनुभवांत मराठवाड्यासाठी आज काय धडा आहे, ते समजून घेऊया.

१९९३ मध्ये नेमके काय घडले?

गणपती विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. केंद्र किल्लारी परिसरात होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील औसा, निलंगा, उमरगा, लोहारा भागातील गावे सर्वाधिक उद्ध्वस्त झाली. अधिकृत आकड्यानुसार ७,९२८ जणांचा मृत्यू झाला आणि सुमारे १६ हजार जण जखमी झाले. अहमदपूर किल्लारीपासून रस्त्याने शंभरेक किलोमीटरवर. तिथेही लोक त्या पहाटे घराबाहेर पळाले, आणि पुढच्या कित्येक रात्री अंगणात झोपले.

भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान मोजली गेली. जगाच्या मानाने हा मध्यम भूकंप. मग इतके बळी का गेले? उत्तर घरांच्या भिंतींमध्ये होते. या भागात दगड आणि मातीच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती बांधल्या जात. भिंतीच्या आतला आणि बाहेरचा थर वेगवेगळा रचला जाई, मध्ये खडी-मातीची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे लांब दगड नसत. वर माळवद, म्हणजे लाकडी सरांवर टाकलेला मातीचा जाड थर. उन्हाळ्यात थंडावा देणारे हे छप्पर गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती चढायची आणि वजन वाढत जायचे. हादरे बसताच भिंतीचे थर सुटले, दगड आत कोसळले आणि वरचे मातीचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले.

मदत कुठून आली?

तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार काही तासांत भूकंपग्रस्त भागात पोहोचले. लातूरचे जिल्हाधिकारी होते प्रवीणसिंह परदेशी. लष्कर, डॉक्टर, विद्यार्थी, गुरुद्वारांचे लंगर, गावोगावच्या भाकरी असा मदतीचा ओघ सुरू झाला. पाठोपाठ परदेशी संस्थांचे तंबू, औषधे आणि पथके आली.

घरे उभारण्यासाठीचा मोठा पैसा जागतिक बँकेकडून आला. ‘महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन प्रकल्पा’साठी १९९४ मध्ये २४ कोटी ६० लाख डॉलरचे सवलतीचे कर्ज मंजूर झाले. त्या वेळच्या विनिमय दराने ही रक्कम साडेसातशे कोटी रुपयांहून अधिक होती. हे अनुदान नव्हते, कर्ज होते. हा प्रकल्प १९९८ च्या अखेरपर्यंत चालला.

दुसरा मार्ग ‘दत्तक गावा’चा होता. देशातील उद्योगसमूह, धर्मादाय संस्था, वृत्तपत्रे आणि परदेशी देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांनी एकेक गाव उभारण्याची जबाबदारी घेतली. केरळमधील ‘मलयाळ मनोरमा’ दैनिकाने वाचकांकडून निधी गोळा करून बाणेगाव उभे केले. पुण्याच्या शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. त्या मुलांसाठी वाघोलीत शाळा आणि वसतिगृह उभे राहिले. ज्ञान प्रबोधिनीने हराळीत शाळा सुरू केली. ती आजही चालू आहे.

किल्लारी, सास्तूर, हराळी किंवा बाणेगाव या गावांतून पिढ्यान्पिढ्या परदेशी गेलेला मोठा समाज मात्र नव्हता. इथून होणारे स्थलांतर ऊसतोडीला, मुंबईच्या गिरण्यांना, पुणे-सोलापूर-हैदराबादच्या कामांना होई. त्यामुळे समुद्रापलीकडून जो पैसा आला, तो गावाच्या आठवणी मनात घेऊन गेलेल्या माणसांचा नव्हता. तो बँकेचा, संस्थांचा आणि गाव कधीही न पाहिलेल्या दात्यांचा होता.

त्या मदतीने गावे कशी बदलली?

नुकसानीनुसार गावांचे तीन गट पाडले गेले. ‘अ’ गटातील ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवायची, ‘ब’ गटातील गावे आहे तिथेच नव्याने बांधायची आणि ‘क’ गटातील गावांमध्ये घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे, असे ठरले.

‘अ’ गटात घराचे आकारमान जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्यांना ४५० आणि ७ हेक्टरहून जास्त जमीन असलेल्यांना ७५० चौरस फुटांचे घर. सरकारी पातळीवर हे सूत्र सोपे होते आणि वाद कमी करणारे होते. पण त्यामुळे सातबारा उताऱ्यावरचा फरक कायमचा सिमेंटमध्ये उतरला. गावात कोण मोठा आणि कोण लहान, हे आता घराकडे बघून सांगता येऊ लागले.

जुन्या गावठाणात अरुंद गल्ल्या, एकमेकांना लागून भिंती, मंदिरापुढचा पार आणि वेशीजवळचा कट्टा असे. दुपारी ओसरीवर बसून बायका धान्य निवडत आणि समोरच्या घराशी बोलणे चाले. नव्या गावात सरळ रुंद रस्ते आले, चौकोनी प्लॉट आले, घराभोवती मोकळी जागा आली. भूकंपाच्या भीतीने लोकांना मोकळी जागा हवीच होती. पण गाव जुन्या जागेच्या कित्येक पट पसरले. पाण्याची वाहिनी, गटार, रस्ता आणि दिवाबत्ती यांची लांबी वाढली आणि त्यांची देखभाल ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या उत्पन्नावर आली. अनेकांचे शेत दूर गेले. जनावरे, कडबा आणि अवजारांसाठी घरात जागा नव्हती.

काही ठिकाणी दात्यांनी नवे तंत्र आणले. गुबाळमध्ये घुमटाच्या आकाराची घरे बांधली गेली. रचनेच्या दृष्टीने घुमट मजबूत असतो, भूकंपाचा जोर त्यावर सारखा विभागला जातो. मात्र गोल भिंतीला कपाट लागत नाही, खोली वाढवता येत नाही आणि माळवदावर जसे धान्य वाळवता येई, तसे घुमटावर येत नाही. भूकंपानंतरच्या वर्षांत संशोधक या गावांत परत गेले, तेव्हा त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. कुटुंब वाढले तसे लोकांनी सुरक्षित घराला जोडून पुन्हा जुन्याच पद्धतीने दगड-मातीच्या खोल्या काढल्या होत्या. घर मिळाले होते, पण ते सुरक्षितपणे कसे वाढवायचे, हे ज्ञान गवंड्यापर्यंत पोहोचले नव्हते.

गावकऱ्यांना विचारले, तेव्हा काय झाले?

याच प्रकल्पाचा दुसरा भाग वेगळा होता आणि त्याची चर्चा कमी होते. ‘क’ गटातील दुरुस्तीचे काम १३ जिल्ह्यांत पसरलेले होते आणि दोन लाखांच्या आसपास घरांना त्याचा लाभ झाला. इथे कंत्राटदाराने घर बांधून किल्ली हातात द्यायची पद्धत नव्हती. मालकाने टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या पैशातून आपले घर आपणच मजबूत करायचे, अभियंत्याने तपासायचे आणि पुढचा हप्ता मिळायचा.

पण कोपऱ्यात लोखंडी सळई का घालायची, दारा-खिडक्यांवरून चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा का हवा, हे घराघरांत सांगणार कोण? त्यासाठी ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मदतीने गावोगाव ‘संवाद साहाय्यक’ नेमल्या गेल्या. त्या गावातीलच बायका होत्या, बहुतेक महिला मंडळांच्या सदस्य. प्रेमा गोपालन या संस्थेच्या संस्थापक. संवाद साहाय्यकांनी गवंड्यांबरोबर भिंती मोजल्या, ग्रामसभेत हिशेब विचारला आणि साहित्याचे दर फळ्यावर लावले.

२००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच बायका तिथल्या बायकांना शिकवायला गेल्या. त्सुनामीनंतर तमिळनाडूतही हा अनुभव कामी आला. गुजरात सरकारने कच्छमध्ये घरमालकानेच घर बांधायचे हे सूत्र मोठ्या प्रमाणावर स्वीकारले. म्हणजे किल्लारीची दोन चित्रे आहेत. एकीकडे मदत स्वीकारणारे गाव, दुसरीकडे इतरांना शिकवणारे गाव. पैसा एकाच प्रकल्पाचा होता, फरक निर्णय घेणाऱ्यात होता.

दाते आपलेच असतील तर? जाफन्याचा अनुभव

मग पैसा परक्यांचा न येता आपल्याच परदेशस्थ माणसांचा आला असता, तर चित्र बदलले असते का? याचे उत्तर शोधायला जाफन्याकडे पाहावे लागते. उत्तर श्रीलंकेतील हे शहर तमिळ संस्कृतीचे केंद्र. ३१ मे ते १ जून १९८१ च्या रात्री इथले सार्वजनिक ग्रंथालय जाळले गेले. सुमारे ९७ हजार पुस्तके आणि दुर्मीळ ताडपत्रे राख झाली. १९८३ मध्ये तमिळविरोधी हिंसाचार उसळला आणि यादवी युद्ध सुरू झाले. ते मे २००९ मध्ये संपले. या काळात लाखो तमिळ कॅनडा, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, नॉर्वे आणि ऑस्ट्रेलियात गेले.

या लोकांनी घरी पैसा पाठवला. युद्धकाळात त्यावर कुटुंबे जगली. त्याच समाजातून लढणाऱ्या संघटनेलाही पैसा पोहोचत होता. युद्धानंतर पैशाचे रूप बदलले. मंदिरांची गोपुरे रंगली, मंगल कार्यालये उभी राहिली, शाळांच्या माजी विद्यार्थ्यांच्या लंडन आणि टोरांटोतील शाखांनी वर्गखोल्या आणि मैदाने बांधून दिली. गावागावांच्या नावाने परदेशात मंडळे आहेत आणि ती आपापल्या गावासाठी निधी जमवतात.

याचा फायदा उघड आहे. दात्याला शाळेचे नाव माहीत असते, शिक्षक माहीत असतो, कोणत्या विहिरीचे पाणी गोड हेही माहीत असते. गुबाळच्या घुमटासारखी चूक तो सहसा करणार नाही.

पण तोटेही आहेत. पहिला तोटा विषमतेचा. ज्यांचे नातेवाईक टोरांटोत आहेत, त्यांचे घर दुमजली होते. शेजारच्याचे नाही. जाफना द्वीपकल्पातून परदेशी गेलेले लोक अधिक. युद्धाचा शेवट ज्या वन्नी भागात झाला, त्या किलिनोच्ची आणि मुल्लैतिवूच्या गरीब कुटुंबांचे परदेशात तुलनेने कमी लोक आहेत. म्हणजे जिथे नुकसान सर्वाधिक, तिथे हा पैसा कमी पोहोचतो.

दुसरा तोटा आठवणींचा. जो माणूस १९८५ मध्ये गाव सोडून गेला, त्याच्या मनात गाव १९८५ मध्येच थांबलेले असते. त्याला मंदिर, उत्सव आणि जुनी शाळा पुन्हा तशीच उभी राहावी असे वाटते. तिथे राहणाऱ्या विशीतल्या तरुणाला कदाचित नोकरी, कर्जमुक्ती आणि बससेवा हवी असते. पैसा पहिल्याचा असल्याने प्राधान्यही त्याचेच ठरते.

स्मारक कोणाचे, नाव कोणाचे?

युद्धग्रस्त शहरात हा वाद अधिक धारदार होतो, कारण तिथे नुकसान करणारा कोणीतरी असतो. जाफना ग्रंथालय सरकारने नव्याने बांधले. जळालेला सांगाडा तसाच स्मारक म्हणून ठेवावा, असेही म्हणणारे होते. २००३ मध्ये त्याच्या उद्घाटनावरूनही वाद झाला. जानेवारी २०२१ मध्ये जाफना विद्यापीठातील मुल्लिवायक्कल स्मारक पाडले गेले. आंदोलन झाले, परदेशस्थ तमिळांनी आवाज उठवला आणि त्याच वर्षी ते पुन्हा उभे राहिले. मे २०२५ मध्ये कॅनडातील ब्रॅम्प्टन शहरात तमिळ वंशसंहाराचे स्मारक उघडले गेले. श्रीलंका सरकारने त्याला विरोध नोंदवला होता. जे स्मारक घरी उभारता येत नाही, ते परदेशस्थ समाज दुसऱ्या देशात उभारतो.

भारताचा अनुभवही बोलका आहे. भारताने श्रीलंकेच्या उत्तर आणि पूर्व भागात ४६ हजार घरांसाठी अर्थसाहाय्य दिले, ते बहुतांशी थेट लाभार्थ्यांच्या खात्यात. घर कसे बांधायचे हे कुटुंबाने ठरवले. त्याच वेळी भारताने जाफना शहरात एक भव्य सांस्कृतिक केंद्रही बांधून दिले. जानेवारी २०२५ मध्ये त्याला तिरुवळ्ळुवर यांचे नाव दिले गेले, तेव्हा स्थानिकांनी विचारले की ‘जाफना’ हा शब्द कुठे गेला? त्यानंतर तो नावात परत आला. तिरुवळ्ळुवर तमिळांना वंदनीयच आहेत. तक्रार त्यांच्याबद्दल नव्हती. आपल्या शहराच्या इमारतीचे नाव आपल्याला न विचारता ठरले, ही तक्रार होती.

कच्छमध्ये काय झाले?

कच्छ हे किल्लारी आणि जाफना यांच्या मधले उदाहरण आहे. आपत्ती भूकंपाची, पण परदेशस्थ समाज मोठा. कच्छी लेवा पटेल समाजातील कुटुंबे पूर्व आफ्रिका आणि ब्रिटनमध्ये पिढ्यान्पिढ्या स्थायिक आहेत. माधापर, बळदिया अशा गावांत त्यांचा पैसा आधीपासून येत होता. २००१ च्या भूकंपात भुजचे जुने स्वामीनारायण मंदिर उद्ध्वस्त झाले आणि २०१० मध्ये संगमरवरी नवे मंदिर उभे राहिले. त्यामागे परदेशस्थ भक्तांचा मोठा हातभार होता. आज भुजची ओळख सांगताना हे मंदिर पुढे येते. ज्या समाजांचे परदेशात कोणी नव्हते, त्यांच्या वस्त्या मात्र सरकारी हप्त्यांवर आणि संस्थांच्या मदतीवर उभ्या राहिल्या.

मराठवाड्यासाठी हा प्रश्न आत्ताच का?

कारण १९९३ आणि आज यांत मोठा फरक पडला आहे. ‘लातूर पॅटर्न’ने आणि पाठोपाठ नांदेडच्या शिकवणी वर्गांनी शेतकऱ्यांच्या घरातून डॉक्टर आणि अभियंते घडवले. अहमदपूर तालुक्यातील मुले लातूरला बारावी करतात, पुण्याला पदवी घेतात आणि काही जण तिथून अमेरिका, जर्मनी किंवा आखातात पोहोचतात. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी देशात सुमारे १२९ अब्ज डॉलर पाठवले. हा आकडा जगात सर्वाधिक आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे राज्यांमध्ये पहिला होता. यातील बराच पैसा मुंबई-पुण्याकडे जातो. तरीही मराठवाड्यातून परदेशी गेलेली पहिली मोठी पिढी आता कमावती झाली आहे.

दुसरीकडे आपत्ती वारंवार येऊ लागल्या आहेत. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधील अतिवृष्टीने नांदेड, लातूर, धाराशिव, बीड या जिल्ह्यांत पिके, जमीन आणि घरे वाहून नेली. अशा वेळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाहन फिरते, क्यूआर कोड येतो आणि परदेशातला मुलगा रात्रीतून पैसे पाठवतो. पुढच्या आपत्तीत मराठवाड्याला मदत करणारे केवळ परके नसतील. आपलीच मुले असतील. त्यामुळे जाफन्याचे फायदे आणि जाफन्याचे तोटे, दोन्ही आपल्या दारात येणार आहेत.

परदेशातून मदत पाठवण्याचे नियम काय?

कुटुंबाला पाठवलेला पैसा आणि संस्थेला दिलेली देणगी, हे दोन वेगळे विषय आहेत. देणगीवर परकीय योगदान नियमन कायदा, म्हणजेच एफसीआरए २०१० लागू होऊ शकतो. देणारा भारतीय पासपोर्टधारक अनिवासी असेल आणि त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेच्या नेहमीच्या मार्गाने पैसे दिले, तर ते परकीय योगदान मानले जात नाही. पण त्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड असूनही त्याची देणगी परकीय योगदान ठरते. ती स्वीकारणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी.

२०२० च्या दुरुस्तीने अटी कडक झाल्या. परकीय देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावी लागते. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. एका संस्थेने घेतलेली परकीय देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. याचा परिणाम असा की मोठी शहरी संस्था पैसे घेऊन गावातल्या छोट्या मंडळाकडे सोपवू शकत नाही. जे गाव मदतीसाठी झटते, त्याच्याच मंडळाकडे नोंदणी नसते.

२०१८ च्या महापुरानंतर केरळला परदेशी सरकारांची मदत घेऊ देण्यात आली नव्हती. २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री साहाय्यता निधीला मात्र एफसीआरए अंतर्गत परवानगी मिळाली. आता परदेशी नागरिकत्व घेतलेला मराठी माणूसही या निधीत कायदेशीरपणे देणगी देऊ शकतो. मार्ग खुला झाला, तरी खर्च कुठे करायचा हे मंत्रालयात ठरते. अमेरिकेतील महाराष्ट्र फाउंडेशन १९७८ पासून, तर उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून कार्यरत आहे. अशा व्यासपीठांपुढेही हाच प्रश्न राहील. पैसा जमला, पण गावात निर्णय कोण घेणार?

मग काय करता येईल?

किल्लारी, जाफना आणि कच्छ यांच्या अनुभवातून चार साधे प्रश्न निघतात. परदेशातील देणगीदाराने ते पैसे पाठवण्याआधी विचारावेत आणि गावाने पैसे घेण्याआधी.

एक, काय बांधायचे हे ग्रामसभेत ठरले आहे का आणि त्या सभेत बायका होत्या का? दोन, ज्यांचे परदेशात कोणी नाही, त्यांच्या वस्तीला यात वाटा आहे का? तीन, बांधलेल्या गोष्टीची देखभाल पुढची दहा वर्षे कोणाच्या पैशातून होणार? चार, पाटीवर पहिले नाव गावाचे असेल की दात्याचे?

चौथा प्रश्न सर्वांत क्षुल्लक वाटतो, पण लोक तोच सर्वांत जास्त काळ लक्षात ठेवतात.

दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभाजवळ मृतांना श्रद्धांजली वाहिली जाते. जुन्या गावठाणाच्या जागी आज पडक्या भिंती, बाभळी आणि काही देवळे उरली आहेत. नव्या गावात दुसरी पिढी घरे वाढवते आहे, तिसरी पिढी भरतीचे अर्ज भरते आहे. ‘भूकंपग्रस्त’ हा रकाना त्यांना एखादी नोकरी मिळवून देऊ शकतो आणि तो त्यांचा हक्कच आहे. मात्र कच्छच्या बायकांना भिंत कशी बांधायची हे शिकवून आलेल्या लातूर-उस्मानाबादच्या बायकांसाठी कोणत्याही तक्त्यात रकाना नाही. ती ओळख गावांनी स्वतः कमावली होती. पुढच्या वेळी परदेशातून पैसा येईल, तेव्हा तीच ओळख पुन्हा कमावता येईल का, हे आधी गावातच ठरावे लागेल.